उच्च रक्तदाब आणि आपली दिनचर्या

(ग्रामपंचायत अधिकारी, प्राथमिक शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या तालुकास्तरीय प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा हा पाठ.)



आज माझ्याकडे सोपविण्यात आलेला विषय वैद्यकाचा आहे आणि मी कला शाखेचा पदवीधर आहे. रोगाची चिकित्सा सांगण्याचा अधिकार मला नाही आणि तसा आव मी आणणारही नाही. परंतु उच्च रक्तदाब हा विकार असा आहे की, त्याच्या बाबतीत औषध लिहून देण्याचे काम तेवढे डॉक्टरांचे असते. उरलेले काम स्वयंपाकघरात, शेताच्या बांधावर, कचेरीच्या टेबलाशी आणि बाजारच्या दिवशी फरसाणाच्या दुकानापुढे व्हायचे असते. ते रोग्याने, त्याच्या घरच्या माणसांनी आणि काही अंशी गावाने करावयाचे असते. या उरलेल्या कामाविषयी चार शब्द सांगावेत, एवढाच आजचा हेतू आहे.

न जाणवणारा विकार

ताप आला की अंग तापते, दात किडला की ठणकतो, काटा रुतला की पाऊल टेकवत नाही. शरीर आपली तक्रार या ना त्या रीतीने आपल्यापर्यंत पोचविते. उच्च रक्तदाबाचे तसे नाही. बहुसंख्य रोग्यांना वर्षानुवर्षे काहीही जाणवत नाही. डोके दुखले म्हणजे दाब वाढला आणि दुखले नाही म्हणजे दाब ठीक आहे, हा समज सर्वत्र रूढ असला तरी तो खरा नाही. दाब वाढलेला असताना मनुष्य नांगर धरतो, वर्गात शिकवितो, सभेत भाषण करतो, रात्री शांत झोपतो. मात्र त्याच काळात रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड व कठीण होत असतात, हृदयाचा स्नायू अधिक कष्ट करून थकत असतो, मूत्रपिंडातील सूक्ष्म चाळणी झिजत असते. मग एखाद्या पहाटे अंगाची एक बाजू लुळी पडते आणि घरचे लोक म्हणतात, "काल रात्रीपर्यंत तर अगदी धडधाकट होते."

हा विकार विरळा आहे असेही नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या भारतीयांपैकी सुमारे २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रिया एकतर वाढलेल्या रक्तदाबाच्या किंवा त्यासाठी औषध घेणाऱ्या आढळल्या. म्हणजे या सभागृहात दर चार-पाच माणसांमागे एक, असे स्थूल मानाने म्हणता येईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तर, जगातील दर पाच उच्च रक्तदाबाच्या रुग्णांपैकी सुमारे चौघांना पुरेसे उपचार मिळत नाहीत, असे नमूद केले आहे. उपचार महाग किंवा दुर्मीळ आहेत, हे यामागील एकमेव कारण नाही. विकार जाणवत नाही, म्हणून तो शोधला जात नाही आणि शोधला गेला तरी त्याची निकड वाटत नाही, हेही तितकेच मोठे कारण आहे.

जे जाणवत नाही ते मोजावे लागते. आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे. दाब मोजावा, मीठ मोजावे, चालणे मोजावे आणि गोळ्यांचाही हिशेब ठेवावा.

दाब म्हणजे काय व तो कसा मोजावा

हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलते तेव्हा रोहिणीच्या भिंतीवर पडणारा दाब तो आकुंचनाचा दाब. दोन ठोक्यांमध्ये हृदय सैल पडते तेव्हाचा तो प्रसरणाचा. बोलीभाषेत आपण यांना वरचा व खालचा असे म्हणतो. तो पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीने, म्हणजे मिलिमीटरमध्ये सांगतात. निरोगी प्रौढ व्यक्तीत तो साधारणपणे १२० वर ८० किंवा त्याहून कमी असतो. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात, निरनिराळ्या वेळी मोजूनही वरचा १४० किंवा अधिक, अथवा खालचा ९० किंवा अधिक भरला तर त्यास उच्च रक्तदाब मानतात. दोहोंपैकी एक वाढलेला असला तरी पुरे. दोन्ही वाढण्याची वाट पाहावयाची नसते.

हे मोजमाप माणसाला सहजासहजी साधलेले नाही. १७३३ साली स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोड्याच्या रोहिणीत नळी बसवून, रक्त उंच काचनळीत किती चढते ते पाहिल्याचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या दंडाला पट्टा गुंडाळून दाब मोजण्याचे उपकरण इटलीतील रीवा-रोची यांनी १८९६ मध्ये तयार केले आणि १९०५ मध्ये रशियातील कोरोत्कॉव्ह यांनी पट्ट्याखाली नळी लावून ठोके ऐकण्याची पद्धत सांगितली. परंतु मोजता येऊ लागले तरी उपाय हाती नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब अखेरच्या काही महिन्यांत २०० च्या वर गेलेला होता. उत्तमोत्तम डॉक्टर भोवती असताना १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन त्यांचा अंत झाला. आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणारी साधी गोळी त्या वेळी जगातील सर्वांत सामर्थ्यशाली पदावरील व्यक्तीलाही उपलब्ध नव्हती, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

या औषधांच्या इतिहासात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे पूर्वापार परिचित होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर उपयोग करून, प्रत्येकाचा दाब मोजून, त्याचा निष्कर्ष १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात मांडला. या कार्यासाठी त्यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पुरस्कार लाभला. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली व सर्पगंधा मागे पडली. तेव्हा कोणी आपल्या मनाने तिची मुळी उगाळून घेऊ नये. परंतु परंपरेने सांगितलेली गोष्टही मोजून पाहिल्यावरच जगाने स्वीकारली, हा त्यातील बोध आपल्या उपयोगी आहे.

आता मोजण्याची रीत. दाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, विडी, तंबाखू वर्ज्य करावी. लघवीस जाऊन यावे. खुर्चीत पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे स्वस्थ बसावे. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत असावा. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, सदऱ्याच्या बाहीवरून नव्हे. तो दंडाच्या जाडीला योग्य असावा. मोजताना बोलू नये. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत. आपण शिबिरांतून पाहतो ते याच्या उलट असते. माणूस उन्हातून येतो, रांगेत रेटारेटी होते, पट्टा शर्टावरून बांधला जातो आणि कोणी तरी विचारते, "काय हो, यंदा सोयाबीनला भाव काय मिळाला?" अशा वेळी मिळालेल्या आकड्यावरून ना घाबरावे, ना निश्चिंत व्हावे.

मिठाचा हिशेब

मराठी माणसाच्या ताटात मीठ आधी वाढले जाते. खाल्ल्या मिठाला जागणे हा आपल्याकडे सद्गुण मानला जातो आणि न आवडणाऱ्या माणसाचे मीठसुद्धा अळणी लागते अशी आपली म्हण आहे. मिठाला जीवनात एवढे मानाचे स्थान असताना ते कमी करा असे सांगणे कोणालाही रुचत नाही. तरीही सांगावे लागते. कारण रक्तदाबाशी मिठाचे नाते आता पुरते स्पष्ट झाले आहे. मिठातील सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तवाहिन्यांवर ताण येतो. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरसॉल्ट' या अभ्यासात ३२ देशांतील ५२ ठिकाणच्या दहा हजारांवर लोकांची तपासणी झाली होती. त्यात ब्राझीलच्या अरण्यात राहणारे यानोमामी लोक होते. त्यांच्या आहारात मीठ जवळजवळ नाहीच. त्यांच्यात वय वाढले तरी रक्तदाब वाढत नव्हता. वयोमानाने दाब वाढायचाच, असे जे आपण गृहीत धरतो, ते सर्व मानवजातीस लागू नाही असे यावरून दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ, म्हणजे सपाट भरलेला एक लहान चहाचा चमचा, ही मर्यादा सांगितली आहे. यात भाजी-आमटीतील, पापड-लोणच्यातील व दुकानातून आणलेल्या पदार्थांतील असे सगळे मीठ आले. आपल्या देशातील सरासरी सेवन यापेक्षा बरेच अधिक आहे.

परंतु रोज तराजू घेऊन स्वयंपाक कोण करणार? त्यासाठी एक सोपा उपाय आहे. घरात मिठाचा एक किलोचा पुडा फोडला की त्यावर तारीख लिहावी. घरात चार प्रौढ माणसे असतील तर दिवसाला वीस ग्रॅम, म्हणजे तो पुडा किमान पन्नास दिवस पुरला पाहिजे. पंचवीस दिवसांत संपत असेल तर आपण दुप्पट मीठ खात आहोत. घरात विकतचे फरसाण, लोणचे, पापड, पाव, खारी येत असेल तर त्यांतील मीठ या पुड्यात मोजलेले नाही. तेव्हा पुडा पन्नास दिवसांहूनही अधिक पुरावयास हवा. गृहिणीला या हिशेबासाठी ना डॉक्टर लागतो, ना यंत्र. एक पेन्सिल पुरे.

मीठ कमी करावयाचे म्हणजे एकदम अळणी जेवावयाचे, असे नव्हे. जिभेची सवय काही आठवड्यांत बदलते. दर आठवड्यास थोडे थोडे उणे करीत गेल्यास घरातील कोणाच्या ध्यानातही येत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी बहुतेक घरांत बिनमिठाचीच होते. मग भातात, पोळीच्या कणकेत मीठ कशासाठी? ताटात वरून वाढण्याचे मीठ प्रथम बंद करावे. लिंबू, कोकम, चिंच, आले, लसूण, कोथिंबीर, जिरे यांनी चव राखता येते. उन्हाळी कामांत पापड, सांडगे, कुरडया, लोणची वर्षभरासाठी होतात. ती करावीत, पण ती तोंडी लावण्यासाठी आहेत, भाजीच्या जागी नव्हेत, हे जुने तारतम्य राखावे. कोकणात पावसाळ्यासाठी साठविलेले खारे मासे शिजविण्यापूर्वी पाण्यात भिजवून ते पाणी टाकावे. पापडखार व खाण्याचा सोडा यांतही सोडियम असते, याचाही विसर पडू नये.

दोन गैरसमज येथेच दूर केले पाहिजेत. उपवासाचे सैंधव किंवा काळे मीठ निरुपद्रवी असते, असे मानतात. त्यातही मुख्यतः तेच सोडियम क्लोराइड असते, म्हणून ते हवे तेवढे खावे असा त्याचा अर्थ होत नाही. दुसरे असे की, मीठ कमी करावयाचे म्हणजे आयोडिनयुक्त मीठ सोडावयाचे नव्हे. तेच वापरावे, कमी वापरावे. आणखी एक सूचना : अतिसार झाला असता किंवा उन्हाचा झटका बसला असता जलसंजीवनी देण्यास मिठाच्या भीतीने कधीही कचरू नये. तो प्राण वाचविण्याचा प्रसंग असतो.

सोडियमचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम घातलेले मीठही आता बाजारात मिळते. चीनच्या ग्रामीण भागात सहाशे गावांतील सुमारे एकवीस हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना व रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांना हे मीठ घातक ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याखेरीज त्यांनी ते घेऊ नये.

ताटातील अन्य पदार्थ

केवळ वजा करून भागत नाही. काही गोष्टी वाढवाव्याही लागतात. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या 'डॅश' या अभ्यासात, फळे, भाज्या, धान्ये, कडधान्ये व कमी स्निग्धांशाचे दूध यांवर भर असलेला आहार आठ आठवडे दिल्यावर, उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा दाब सरासरीने सुमारे ११ मिलिमीटरने उतरला. आपल्या ताटाशी ताडून पाहिले तर यात अपरिचित असे काय आहे? भाकरी, पालेभाजी, उसळ, कोशिंबीर, ताक हे आपले रोजचे जेवण. शेवग्याच्या शेंगा, चाकवत, मेथी, मूग, मटकी, केळी, पेरू यांसाठी शहरात जावे लागत नाही. खेदाची गोष्ट एवढीच की, परसातील शेवगा पाडून त्या जागी आपण वेष्टनातील कुरकुरीत पदार्थांना घरात आणले. ताकात मीठ घालण्याऐवजी जिरेपूड घालावी, पेरूला तिखटमीठ लावू नये, एवढे केले तरी पुष्कळ झाले.

चालणे, वजन आणि झोप

शेतात राबणाऱ्या माणसाला व्यायाम सांगणे हास्यास्पद ठरेल. परंतु आज गावातही खुर्चीत बसून काम करणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि या सभागृहात तर ती बहुसंख्येने आहे. दुचाकीमुळे शाळेपर्यंतचे चालणे गेले, गिरणीपर्यंतचे गेले, देवळापर्यंतचेही गेले. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे, म्हणजे आठवड्यातील पाच दिवस रोज अर्धा तास, दम थोडा वाढेल पण बोलता येईल अशा वेगाने चालावे. सलग वेळ न मिळाला तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे चालतात. ज्यांना छातीत दुखते किंवा थोड्याशा श्रमाने धाप लागते त्यांनी आधी तपासून घ्यावे.

वजन अधिक असेल तर ते उतरविल्याने दाब उतरतो. स्थूल मानाने किलोमागे एक मिलिमीटर असा त्याचा हिशेब आहे. पाच किलो उतरणे पुष्कळांच्या आवाक्यात असते. झोप सात तासांच्या खाली जाऊ देऊ नये. झोपेत मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडखळणे व दिवसा पेंगणे अशी लक्षणे असतील तर डॉक्टरांना सांगावे, कारण या विकाराचाही दाबाशी संबंध असतो. मनाच्या ताणाविषयी म्हणाल तर कर्जाची, पावसाची, मुलीच्या लग्नाची चिंता उपदेशाने जात नाही, हे आपणही जाणतो. सावकाश श्वसन, भजन, मित्रांशी चार शब्द यांनी मनाला विसावा मिळतो, तो घ्यावा. मात्र "मला टेन्शन आहे म्हणून दाब वाढला, टेन्शन गेले की उतरेल," असे म्हणून उपचार टाळू नयेत.

तंबाखू व मद्य

महाराष्ट्रात धूम्रपानापेक्षा तंबाखू चघळण्याचे व मिश्री लावण्याचे प्रमाण कितीतरी अधिक आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी तंबाखू-चुन्याची चिमूट शिष्टाचारासारखी हातोहात फिरते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि नाडी जलद होते. धूर निघाला नाही म्हणून अपाय टळत नाही. मिश्री हे दंतमंजन आहे असे समजून ती लावणाऱ्या माताभगिनींना ही गोष्ट कोणी सांगतही नाही. ज्यांचा दाब वाढलेला आहे त्यांनी तंबाखू कोणत्याही रूपात घेणे म्हणजे हृदयविकाराला दुहेरी आमंत्रण होय. मद्याबाबतही, जितके अधिक तितका दाब अधिक, असा सरळ नियम आहे.

सांधेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्याही दाब वाढवितात. खोकल्यासाठी ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक प्रमाणात चघळल्यानेही तसे होते. डॉक्टरांकडे जाल तेव्हा आपण घेत असलेले प्रत्येक औषध, काढा व चूर्ण त्यांना सांगावे.

गोळी आणि खंड

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. आतापर्यंत सांगितलेल्या सवयींनी दाब उतरतो, काहींचा तेवढ्यानेच आटोक्यात राहतो; परंतु अनेकांना सवयींच्या जोडीला औषधही घ्यावे लागते. सवयी औषधाला पर्याय नाहीत आणि औषध सवयींना पर्याय नाही. महिनाभर गोळी घेतल्यावर दाब १३० झाला की मनुष्य म्हणतो, "आता बरे झाले, कशाला रोज गोळी?" वस्तुतः दाब गोळीमुळे उतरलेला असतो. गोळी थांबली की तो पुन्हा चढतो, आणि चढल्याचे जाणवत नाही. गोळीची सवय लागते ही भीतीही व्यर्थ आहे. चष्म्याची सवय लागते असे म्हणून कोणी शिक्षक चष्मा टाकून देत नाही. वरचा दाब १० मिलिमीटरने उतरला तर पक्षाघाताचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो. रोजच्या एका गोळीने व थोड्या कमी मिठाने एवढे साधत असेल तर तो व्यवहार तोट्याचा नाही. मात्रा कमी करणे, बदलणे किंवा थांबविणे हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे. गरोदर स्त्रीचा दाब वाढलेला आढळल्यास घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. तिला त्वरित आरोग्य केंद्रात न्यावे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांत भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. आपल्या राज्यातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे त्याच्या आरंभीच्या टप्प्यात होते. पुढे त्याचा विस्तार झाला. त्या उपक्रमाचे मर्म अगदी साधे आहे : निवडक औषधांचा ठरलेला क्रम, घराजवळच्या उपकेंद्रात त्यांचा पुरवठा, प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र नोंद आणि जो ठरल्या दिवशी आला नाही त्याची चौकशी. नव्या शोधापेक्षा येथेही नोंदवहीनेच अधिक काम केले आहे.

आपण काय करू शकतो

मित्रहो, आपण येथे केवळ स्वतःच्या प्रकृतीसाठी आलेलो नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती इतरांच्या दिवसातील काही वेळ आहे. म्हणून चार कामे सुचवितो.

पहिले काम ग्रामपंचायत सदस्यांचे. गावातील तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाचा दाब वर्षातून निदान एकदा मोजला गेला आहे की नाही, हे आशा कार्यकर्ती व आरोग्य सेविका यांच्या यादीवरून ग्रामसभेत पाहावे. नावे वाचावयाची नाहीत, ती त्या त्या व्यक्तीची खाजगी बाब आहे. फक्त किती जणांचे झाले व किती राहिले, एवढा आकडा वाचावा.

दुसरे काम ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांसंबंधी. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतून सहस्रावधी कुटुंबे कारखान्यांच्या भागात जातात आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडी परततात. गावच्या केंद्रात सुरू झालेल्या गोळीला येथे खंड पडतो. कोयता, भांडी व शिधा यांबरोबर औषधाची चिठ्ठी, दाबाची नोंद आणि शक्य तितक्या दिवसांच्या गोळ्या त्यांच्यासोबत जातील, इतके पाहणे सदस्याला अशक्य नाही. जेथे टोळी उतरते तेथील सदस्यांनी जवळचे आरोग्य केंद्र त्यांना दाखवून द्यावे.

तिसरे काम शिक्षकांचे. वेष्टनातील खाद्यपदार्थांवर सोडियमचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये छापलेले असते. त्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. शंभर ग्रॅम पदार्थात ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर त्यात दोन ग्रॅम मीठ झाले. रिकामी वेष्टने वर्गात आणवून सातवीच्या मुलांकडून हे गणित करवून घ्यावे. गुणाकारही पक्का होईल आणि घरी जाऊन मुले आईला मिठाच्या पुड्यावर तारीख घालावयास सांगतील.

चौथे काम आम्हा अधिकाऱ्यांचे. आपल्या बैठकांत चहाबरोबर शेव, चिवडा, वेफर येतात, ते आपल्याच सहीच्या देयकावर. त्या जागी फुटाणे, भाजलेले बिनखारे शेंगदाणे किंवा एकेक केळे ठेवावयास कोणत्याही शासन निर्णयाची गरज नाही. कचेरीत दाब मोजण्याचे दंडावरचे एक चांगले यंत्र असावे आणि ते कपाटात कुलूपबंद नसावे.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. तोंड वाकडे होणे, एक हात वा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, छातीत दुखणे यांपैकी काहीही अचानक झाल्यास रात्र सरण्याची, देवऋषी येण्याची वाट पाहू नये. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच द्यावयाचे असते. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि लक्षणे किती वाजता सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी.

हे भाषण संपल्यावर बाहेरच्या व्हरांड्यात आरोग्य सेविका यंत्र घेऊन बसणार आहेत. कोणी घाईने जाऊ नये. पाच मिनिटे शांत बसावे, दाब मोजून घ्यावा, आकडा आजच्या तारखेसह आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावा, आणि घरी गेल्यावर मिठाचा पुडा कधी फोडला होता याची चौकशी करावी.